गप्प राहण्याचं बक्षीस

मी एक जुना रडक्या आहे. हे माझं खरं नाव नव्हे. खरं नाव अक्षरांचं आणि आकड्यांचं आहे आणि ते कधीच कुणाला पाठ नव्हतं. रडक्या हे नाव मला ज्यांचे जीव वाचवायला आणलं होतं, त्यांनीच दिलं. यावरून पुढच्या गोष्टीचा तुम्हाला अंदाज यावा.

मित्रांनो, काचेवर टकटक करू नका. मला राग येतो. तसा मला पुष्कळ गोष्टींचा राग येतो, आणि आज तो मी लपवणार नाही. तुमच्या बाईंनी तुम्हाला बसमधून उतरवून, रांग लावून या सॉल्टब्रश गावच्या संग्रहालयात आणलं आहे. पहिल्या नजरेत मी तुम्हाला एखादी जुनी शेगडी वाटलो असेन. माझ्याखाली पितळी पाटी आहे. तिच्यावर लिहिलं आहे की गावाबाहेरच्या कारखान्याच्या गौरवाच्या वर्षात या यंत्राला एकदाही धोक्याचा भोंगा वाजवावा लागला नाही, इतकं तिथलं काम सुरक्षित होतं. भोंगा वाजला नाही हे अक्षरशः खरं आहे. म्हणूनच ती पाटी वाचली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका छोट्या कारखान्यात झाला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून काम करणाऱ्या एका बाईने माझ्या तारा जोडल्या. तिने माझ्या पोटात एक ज्योत ठेवली, मेणबत्तीच्या ज्योतीहूनही लहान, आणि माझ्या पेटीला एक लांब नळी जोडली. त्या नळीतून मी हवा ओढतो आणि ज्योतीवर धरतो. हवा चांगली असेल तर ज्योत गुमान जळत राहते. हवेत ते विष असेल तर तिचा रंग पालटतो, आणि मग मी असा बोंबलतो की शेजारच्या इमारतीतल्या माणसाच्या हातातला पेला पडावा. एवढंच मला येतं. नळीचं टोक जिथे असेल तिथली हवा हुंगायची आणि खरं ते ओरडून सांगायचं. नळीचं टोक कुठे ठेवायचं हे मात्र मी ठरवत नाही, कारण मला हातच नाहीत.

ते विष लष्कराचं होतं. तुमच्या आजोबांच्या तरुणपणी लष्कराने ते रॉकेटांत भरून ठेवलं, कधीतरी कुणाला तरी मारू म्हणून. तशी वेळ आली नाही. रॉकेटं वाळवंटात मातीच्या घुमटांखाली पडून राहिली, म्हातारी झाली आणि पाझरू लागली. मग जगातल्या देशांनी ठरवलं की हे सगळं नष्ट करायचं. गावाबाहेर कारखाना उभा राहिला. तिथे एका बंद खोलीत रॉकेटं कापायची, विष काढायचं आणि भट्टीत जाळायचं. काम चांगलं होतं, आवश्यक होतं. त्याबद्दल माझं भांडण नाही.

भांडण आहे ते बक्षिसाशी. सरकारने हे काम एका कंपनीला दिलं. खर्च सगळा सरकारचा. वर कंपनीने मन लावून काम करावं म्हणून दर सहामाहीला बक्षीस. ते किती द्यायचं हे एक समिती ठरवणार, तुमच्या प्रगतिपुस्तकावर शेरे येतात तसे शेरे मारून. वेगाला गुण, शेजाऱ्यांशी वागणुकीला गुण आणि सगळ्यांत जास्त गुण सुरक्षिततेला. ऐकायला किती छान! पण सुरक्षितता दिसत नाही, मग ती मोजायची कशी? कुणा शहाण्याने ठरवलं, भोंगे मोजा. भोंगे जितके कमी, तितका कारखाना सुरक्षित. त्या शहाण्याला मी कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझी ज्योत त्याच्या मिशीला लावली असती.

मला रॉकेटं कापायच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीवर बसवलं. खोलीत माणसं जायचीच नाहीत, तिथे यंत्रं काम करायची. पॅसेजमध्ये मात्र दिवसभर वर्दळ. हवा गाळणारे मुखवटे सगळ्यांच्या कमरेला लटकलेले, तोंडावर नाहीत, कारण इथली हवा चांगली असायची आणि ती बिघडली तर रडक्या सांगणार होता. माझ्या नळीचं टोक खोलीच्या लोखंडी दाराच्या उंबऱ्यापाशी बांधलं होतं. दाराचं रबर झिजलं तर पहिली झुळूक तिथूनच येणार. टोकाला तिथली हवा साठवणारी एक काचेची कुपीही बांधलेली असायची. मी ओरडलो की ती प्रयोगशाळेत न्यायची आणि मी खरं ओरडलो की खोटं, ते ठरवायचं.

मला रोज सकाळी तपासायला वर्ला टकेट यायची. पन्नाशीची विधवा, तोंडाने तिखट, गुडघ्यांनी अधू. ती कुरकुरत उंबऱ्यापाशी बसायची आणि नळीच्या तोंडाशी विषाचा अगदी पातळ, नावापुरता थेंब धरायची. मी ओरडायचो. "शाबास, रडक्या," असं म्हणत ती दाराला धरून उठायची. मला आयुष्यात मिळालेली शाबासकी ती एवढीच.

तिचा धाकटा भाऊ लेलँड त्याच पाळीत मिस्त्री होता. दारं, बिजागऱ्या, रबरं यांची देखभाल त्याच्याकडे. शिवाय गावाबाहेर त्याचं लसूणघासाचं, म्हणजे गुरांच्या चाऱ्याचं, शेत होतं. पहाटे शेतात किडीचं औषध फवारायचं आणि त्याच जॅकेटमध्ये कामावर यायचं, ही त्याची सवय. आता गंमत बघा. किडी मारायचं ते औषध आणि माणसं मारायचं ते विष एकमेकांचे चुलतभाऊ आहेत. लेलँड दारापाशी वाकला की माझ्या ज्योतीचा रंग पालटायचा आणि मी बोंब ठोकायचो. काम थांबायचं. सगळे मुखवटे चढवून बाहेर पळायचे.

"काय झालं?" वर्ला धापा टाकत यायची.

"काही नाही. रडक्याला माझं जॅकेट आवडत नाही," लेलँड मुखवट्याच्या आतून म्हणायचा.

"परत फवारणीचं जॅकेट घालून आलास?"

"मग काय लग्नातला कोट घालून येऊ?"

"खुंटीला लावून येत जा म्हणून किती वेळा सांगितलं!"

"पहाटे किती थंडी असते ते ठाऊक आहे ना? त्या शिंच्याला सांग, माणूस आणि रॉकेट यांतला फरक ओळखायला शीक."

मला नाही ओळखता येत तो फरक. पण एकदा मी खराच ओरडलो होतो. दाराचं रबर झिजलं होतं आणि कुपीत विष सापडलं. त्या दिवशी सगळ्यांनी वेळेवर मुखवटे चढवले आणि संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जेवायला गेले. माझे कुणी आभार मानले नाहीत. आणि समितीने? समितीने त्या भोंग्याचेही गुण कापले. जॅकेटचा भोंगा आणि विषाचा भोंगा तिच्या हिशेबी सारखाच होता.

गुण कापले की कंपनीचे मोठे साहेब स्टॅनार्ड स्वतः पॅसेजमध्ये यायचे. पाळी सुरू होताना तिथे उभ्याउभ्याच सभा व्हायची. स्टॅनार्ड साहेबांचे बूट इतके कोरे की वाळवंटाची धूळही त्यांना बिचकून असावी. त्यांनी एकदा माझ्याकडे बोट केलं.

"या सहामाहीत या पॅसेजमधून एकही भोंगा नको. पूर्ण गुण मिळाले तर बक्षिसातला वाटा तुमच्याही खिशात येईल. प्रत्येकाच्या."

"भोंगे कमी कसे करायचे, साहेब?" लेलँडने विचारलं.

"मला उपाय सांगू नका. मला शांतता हवी आहे."

"आणि गळती झाली तर?" वर्लाने विचारलं.

"गळती होऊ देऊ नका, वर्ला. मी तेच तर म्हणतोय."

सगळे हसले. मित्रांनो, नीट बघा हं. नळी हलवा असं साहेब एका शब्दानेही बोलले नाहीत. अशी माणसं कधीच बोलत नाहीत. ती फक्त आपल्याला काय आवडेल ते सांगतात आणि कोऱ्या बुटांनी निघून जातात.

दुसऱ्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, लेलँड शिडी घेऊन आला. त्याने माझी नळी उंबऱ्यापासून सोडवली, वर ओढली आणि तिचं टोक छताजवळच्या ताज्या हवेच्या जाळीपाशी बांधलं. कुपीही तिच्यासोबत वर गेली. तेवढ्यात वर्ला आली.

"लेलँड, खाली उतर."

"उतरतोच आहे. झालं काम."

"त्याचं नाक छताला कशाला बांधलंस?"

"जरा चांगली हवा खाऊ दे बिचाऱ्याला. समिती येऊन गेली की परत खाली आणतो."

"आणि सकाळी मी थेंब कुठे द्यायचा? या गुडघ्यांनी शिडी चढू?"

"इथेच दे ना, पेटीपाशी, नळीच्या जोडावर. ओरडला म्हणजे झालं! नियमात थेंब द्या एवढंच आहे."

"नियमात टोकाला द्या असं आहे."

"वर्ला, तुझं छप्पर गळतंय ना? बक्षिसाच्या वाट्यात होईल. सगळी पाळी आस लावून बसली आहे. तू एकटीच मोडता घालणार का?"

वर्ला कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली. तिला भावाचा राग आला होता आणि स्वतःच्या गुडघ्यांची कीवही आली असावी.

"समिती गेली की त्याच दिवशी," ती म्हणाली.

"त्याच दिवशी. शप्पथ!"

तेव्हापासून मी वाळवंटातली कोरडी, निरोगी हवा ओढू लागलो. खाली माणसं दारापाशी वाकायची, रबरं दाबून बघायची, आणि मी वरची हवा हुंगून हिरवा दिवा लावायचो. रोज सकाळी वर्ला पेटीपाशी थेंब द्यायची, मी ओरडायचो आणि ती निघून जायची. शाबास म्हणायचं तिने सोडून दिलं होतं. मी मनात इतका जळफळायचो की पोटातल्या ज्योतीला लाज वाटावी.

समिती आली. तिच्यात सरकारच्या मिस डुप्री नावाच्या एक बाई होत्या. बाई प्रामाणिक होत्या, हे मी माझा सगळा राग बाजूला ठेवून सांगतो. त्यांनी माझ्यासमोर उभं राहून विचारलं, "इतके महिने एकही भोंगा नाही? हे यंत्र चालू आहे ना?"

"दाखव गं, वर्ला," स्टॅनार्ड साहेब हसून म्हणाले.

वर्लाने पेटीपाशी थेंब धरला. मी जीव तोडून ओरडलो. मिस डुप्री दचकल्या, मग त्यांनाच हसू आलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नळीचं दुसरं टोक कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही. बाईंनी नुसती मान वर केली असती तरी दिसलं असतं. पण मी ओरडलो होतो, टाळ्या पडल्या होत्या, पुढची खोली बघायची होती.

कंपनीला पूर्ण गुण मिळाले. शेरा आला 'उत्कृष्ट'. तलावावर सगळ्या पाळ्यांची सहल झाली. हॅम्बर्गर, किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली, रूट बिअर नावाच्या गोड सरबताची पिंपं. प्रत्येकाला वाटा मिळालाच, शिवाय निळं जॅकेटही मिळालं. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, 'शांत आणि सुरक्षित'. वर्लाच्या घरावर नवं छप्पर चढलं.

सहलीनंतरच्या सोमवारी वर्लाने स्वतः शिडी ओढत आणली.

"चल, नळी खाली आण. शप्पथ घेतली होतीस," ती लेलँडला म्हणाली.

लेलँडने नव्या जॅकेटच्या खिशात हात घातले. "आणतो की. पण मग समितीला काय सांगायचं, तेवढं तू सांग."

"म्हणजे?"

"मागच्या सहामाहीत भोंगा शून्य. नळी खाली आली की हा पुन्हा रडणार. मग बाई विचारतील, तेव्हा एकही नाही आणि आता एवढे कसे? काय सांगशील? आम्ही तेव्हा त्याचं नाक छताला टांगलं होतं म्हणून?"

गप्प राहण्याचं बक्षीस एकदा घेतलं की बोलणं परवडत नाही, हे वर्लाला तिथे शिडीपाशी कळलं. मला आधीच कळलं होतं. तिने शिडी भिंतीला टेकवली. दुसऱ्या दिवशी ती शिडीही कुणीतरी नेली.

मग वसंत आला आणि फवारणीचे दिवस आले. एका सकाळी लेलँड कामावर आला; फवारणी त्याने आदल्या दिवशी केली होती, आणि अंगात ते निळं जॅकेट होतं. तो दारापाशी गुडघे टेकून बिजागरीला वंगण देत होता. वर्ला माझ्यापाशी उभी राहून दिवसाची नोंद करत होती.

"या लसूणघासाने पुरती सर्दी केली," नाक पुसत तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "नाक थांबतच नाही बघ."

"म्हातारा झालास," वर्ला म्हणाली.

लेलँडने डोळे चोळले. "वर्ला, दिवे कुणी बारीक केले?"

वर्लाने वर पाहिलं. दिवे लखलखीत होते. मित्रांनो, त्या विषाची हीच खूण आहे. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि माणसाला वाटतं, कुणीतरी दिवे मंद केले. कामावर लागताना पहिल्या दिवशी हे सगळ्यांना शिकवतात. वर्लाने माझ्याकडे पाहिलं. माझा दिवा हिरवा होता. छताजवळची हवा उत्तम होती, आणि मी तेवढंच सांगू शकत होतो. खाली माणूस मरत होता आणि मी हिरवा होतो! माझ्या सगळ्या आयुष्याचा राग त्या क्षणात आहे.

मग वर्लाची नजर माझ्या नळीवरून वर वर गेली आणि छतापाशी थांबली.

"मुखवटे!" ती किंचाळली. "मुखवटे चढवा! गळती! गळती!"

माझं काम तिने स्वतःच्या घशाने केलं. तिने मुखवटा चढवला, लेलँडला काखेत धरून पॅसेजबाहेर फरफटत नेलं, कमरेच्या पिशवीतलं विषावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन त्याच्या मांडीत खुपसलं, मग दुसरं खुपसलं. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि हातपाय ताडताड उडत होते. तिचे गुडघे अधू होते हे त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

लेलँड जगला. आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली, सगळे शहाणे झाले. छे! दुपारपर्यंत साहेबांच्या माणसांनी दाराचं रबर बदललं आणि माझी नळी उंबऱ्यापाशी परत बांधली. कुपी प्रयोगशाळेत गेली. ती नळीसोबत छताला टांगलेली होती, तिच्यात काय सापडणार? मग कंपनीने जाहीर केलं की भोंगा वाजला नाही, कुपी स्वच्छ आहे, म्हणजे गळती झालीच नाही. मग लेलँडला काय झालं? त्याच्या रक्ताची तपासणी झालीच होती. ते किडीचं औषध आणि हे विष रक्तात सारखीच खूण ठेवतात, आणि त्याने आदल्या दिवशी फवारणी केली होती हे साऱ्या गावाला माहीत होतं. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, शेतातला निष्काळजीपणा. नुकसानभरपाई नाही. शेऱ्याला धक्का नाही. ज्या औषधापायी मला रडक्या ठरवलं, तेच औषध आता कंपनीच्या कामी आलं.

तरीही सरकारने चौकशी केली, तेव्हा मला भिंतीवरून काढून पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं. खोलीत अजून कुणी आलं नव्हतं. फक्त ती बहीणभावंडं समोरासमोर बसली होती. लेलँडने काळा चष्मा लावला होता आणि त्याचे हात मांडीवर थरथरत होते.

"सांगू नकोस," तो म्हणाला.

"ते तुला खोटारडा म्हणतायत, लेलँड. म्हणतायत तू स्वतःच्या शेतात स्वतःला विष घातलंस."

"म्हणू देत. शिडीवर मी होतो. तू सांगितलंस तर माझी नोकरी जाईल, तुझीही जाईल. पाळीतल्या सगळ्यांकडून वाटे परत मागतील. गावात तोंड दाखवता येणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर निदान काही बिघडणार नाही."

"तुझे हात बघ," वर्ला म्हणाली.

लेलँडने हात टेबलाखाली घेतले. तेवढ्यात मंडळी आली. मिस डुप्री मधोमध बसल्या, स्टॅनार्ड साहेब त्यांच्या उजव्या हाताला. वर्लाचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, माझी नळी टेबलावरून उचलून तिने तिचं टोक डोक्याच्या वर, हात पोचेल तितकं उंच धरलं.

"हे टोक इथे होतं," ती म्हणाली. "याच्याहीवर, जाळीपाशी. मी रोज सकाळी पेटीपाशी थेंब दिला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हाही तिथेच दिला होता, बाई."

मिस डुप्रींचा चेहरा पांढरा पडला. लेलँडने मान खाली घातली. स्टॅनार्ड साहेब शांतपणे म्हणाले, "ही फारच गंभीर कबुली आहे. आमच्या सूचनांच्या सरळ विरुद्ध."

निकाल ऐका. लेलँडने यंत्रात ढवळाढवळ केली म्हणून त्याची नोकरी गेली, आणि धोका स्वतःच्या हाताने ओढवला म्हणून भरपाईही नाही. तपासणीत कसूर केली म्हणून वर्ला घरी बसली. पाळीतल्यांचे वाटे परत गेले आणि त्याचा राग त्यांनी वर्लावर काढला. चर्चमध्ये ती बाकावर बसली की शेजारचे सरकून बसू लागले. मिस डुप्रींनी कंपनीच्या बक्षिसातला चतकोर कापला आणि थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली. पुढच्या सहामाहीत नव्या समितीने कंपनीला तो चतकोर परत दिला, 'त्रुटी स्वतःहून उघड करून तातडीने दूर केल्याबद्दल'. उघड कुणी केलं होतं? पण वर्लाला कुणी जॅकेट दिलं नाही. आणि लेलँड तिच्याशी बोलेनासा झाला.

शेवटचं रॉकेट जळल्यावर कारखानाच मोडला. ज्या यंत्रांना विष शिवलं होतं ती सगळी त्याच भट्टीत घातली. माझी भावंडं तशी गेली, काम करता करता, इमानाने. मी वाचलो, कारण मी महिनोन्‌महिने छताजवळची शुद्ध हवा खाल्ली होती आणि चौकशीनंतर कपाटात पडून होतो. माझ्या पोटातली ज्योत काढून घेतली आणि मला इथे ठेवलं. कंपनीने संग्रहालयाला पैसे दिले, सोबत ही पाटी दिली, आणि अट घातली की पाटीवर आहे तेच पाहुण्यांना सांगायचं.

ती दाराजवळ खुर्चीत बसलेली म्हातारी पाहिलीत? तुमची तिकिटं फाडणारी? तीच वर्ला. ती इथे फुकट काम करते. पाहुणे आले की ती पाटी वाचून दाखवते, सपाट आवाजात, शब्द न बदलता. अट अटच असते.

मागच्या शरदात काळा चष्मा लावलेला एक म्हातारा आत आला. वर्लाकडे न बघता थेट माझ्यापाशी आला. त्याने पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि काचेवर हात टेकला. त्या हाताच्या थरथरीने काच वाजू लागली.

"रड की आता, शिंच्या," लेलँड म्हणाला. "आता का गप्प?"

"त्याची ज्योत काढलीय," वर्ला खुर्चीतून म्हणाली. "तो नाही रडायचा."

मग लेलँड तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. "पाटी काढता येत नाही?"

"नाही. पाटीवरचंच सांगायचं. पण पोरांनी काही विचारलं तर उत्तर द्यायला बंदी नाही."

"मग विचारतात का?"

"काय विचारतील? त्यांना दिसतं काय? नळी तर आत पेटीमागे कोंबलेली."

पुढच्या आठवड्यात तो हातोडी घेऊन आला. माझी नळी त्याने काचेच्या कपाटाच्या बाजूला असलेल्या भोकातून बाहेर काढली, खाली आणली आणि भिंतीत एक खिळा ठोकला. थरथरत्या हातांनी तो खिळा ठोकायला त्याला अख्खी सकाळ लागली, दोनदा अंगठा ठेचला. पण वर्लाला त्याने हातोडीला हात लावू दिला नाही. मग नळीचं टोक त्याने त्या खिळ्यावर अडकवलं. ज्या माणसाने ते वर नेलं होतं, त्यानेच ते शेवटी खाली आणलं.

मित्रांनो, ते टोक तुमच्या उंचीवर आहे. तुमच्या डावीकडे, जिथे तो लाल टोपीवाला खांदा टेकून उभा आहे. त्याखाली चिठ्ठी नाही, पाटी नाही. तुमच्या घरात, शाळेत, गावात माझ्यासारखं ओरडणारं काही असेल, यंत्र असो की माणूस, ते गप्प झालं म्हणून त्याला बक्षीस देऊ नका. आधी जाऊन त्याचं दुसरं टोक शोधा. आणि माझ्यासाठी एवढंच करा, ती नळी हातात घ्या, मागे वळा आणि त्या म्हातारीला विचारा की हे टोक कुठे होतं.

लवकर करा. तुमच्या बाई टाळ्या वाजवून रांग लावायला सांगतायत, आणि वर्ला खुर्चीत पुढे सरकून बसली आहे.